माझ्या बापाचा बाजा मी सुधारला त्याची गोष्ट

माझ्या बापाचा बाजा मी बिघडवला, असं माझ्या सासरचे लोक अजूनही सांगत फिरतात. हे साफ खोटं आहे. मी तो सुधारला. सुधारल्यावर तो वाजला नाही, ही गोष्ट वेगळी.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही गोंडपिपरीला होतो, हे तिथल्या शाळेत मास्तर. बापानं लग्नात मला चाबीचा फोनो आंदण दिला होता. हातात उचलून न्यायची पेटी, आणि झाकणाच्या आतल्या खिशात आठ रेकॉर्डी. गावात आमचे शिकलेले लोक त्याला फोनो म्हणत आणि बाकी सगळे बाजा. मीही बाजाच म्हणायची, कारण तो वाजायचा.

पुढं त्याची स्प्रिंग थकली. गाणं अर्ध्यावर आलं की गाणाऱ्या बाईला झोप यायची. तेवढ्यात यांना कोणी सांगितलं, की चांद्याला एक दुकानदार जुना बाजा घेऊन नवा देतो, वरचे पैसे तेवढे भरायचे. झालं! हे त्याच दिवसापासून नव्या बाजाचं गुणगान गाऊ लागले. नव्याचा आवाज मोठा, नव्याला रंग निळा, नव्याला दोनदा चाबी द्यावी लागत नाही.

मी म्हटलं, "माह्या बापाची वस्तू तुमी दुकानदाराले देऊन टाकता? मग मलेच नेऊन द्या ना, मीबी जुनीच आहो."

"तुले कोण घेते?" हे म्हणाले. (शाळेत मुलांना हाच माणूस गोड बोलायला शिकवायचा!)

मी जेवण टाकलं. म्हणजे दुपारचं. संध्याकाळी वडे होते. शेवटी तोडगा निघाला. मी बाजा दुरुस्त करून आणायचा आणि पुढच्या रविवारी सकाळी हेडमास्तरांसमोर वाजवून दाखवायचा. हेडमास्तरांना गाण्यातलं कळतं अशी त्यांची स्वतःची समजूत होती. वाजला तर बाजा घरात राहील. नाही वाजला तर सोमवारच्या मोटारीनं तो चांद्याला जाईल, आणि मी तोंडातून शब्द काढायचा नाही. ही शेवटची अट सासूबाईंनी घातली.

मी स्वतः चांद्याला जाऊन घडीसाजाकडून, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून, नवी स्प्रिंग टाकून घेतली, आवाजाची डबी बदलून घेतली, सुयांचं नवं डबडं आणलं. बाजा असा खणखणीत वाजला की रस्त्यावरची माणसं थांबली. घडीसाजानं आत सगळीकडे काळं ग्रीस चोपडलं होतं. मी निघताना म्हणाला, बाई, आता याला कोणी हात लावू नका.

आता तुम्हीच सांगा, वस्तू माझी, बाप माझा, आणि हा कोण मला हात लावू नका म्हणणारा?

शनिवारी दुपारी पेटी उघडली तर आतून मोटारीच्या इंजिनासारखा वास. उद्या हेडमास्तरांची बायको येणार, आणि गाण्याबरोबर हा वास येणार? मी जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन सगळं ग्रीस पुसून काढलं आणि त्या जागी आपलं घरचं मोहाच्या टोळाचं तेल ओतलं. टोळ म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे या तेलावर अख्खा संसार चालतो. दिव्याला तेच, डोक्याला तेच, भेगा पडल्या तर टाचांना तेच. जे माणसाला चालतं ते पेटीला का चालू नये? दुपारच्या उन्हात वाजवून पाहिलं. कोकिळा! मी त्या आनंदात स्प्रिंगवर आणखी अर्धी वाटी ओतलं.

रविवार उजाडला तो पौषातल्या थंडीचा. अंगणात शेकोटी पेटलेली. हेडमास्तर गळपट्टा गुंडाळून खाटेवर बसले, शेजारी त्यांची बायको. एटापल्लीकडच्या जंगलातून लाख विकायला येणारी जैतुबाई पाटी उतरवून शेकत बसली होती. मी पदर खोचला आणि चाबी फिरवली. चाबी फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा एकदाची वळली. सुई टेकवली.

पेटीतून रेडा बोलला.

हेडमास्तरांनी डोळे मिटून मान हलवली आणि गवई कोणत्या घराण्याचे ते विचारलं. मी सांगितलं, गवई नाही, बाई आहे. सासूबाई म्हणाल्या, "मंग हिले काढा पाजा."

आणि तेव्हा मला आठवलं. टोळाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं! हिवाळाभर रोज सकाळी डोक्याला लावायच्या आधी मी स्वतः ती शिशी चुलीपाशी ठेवून पातळ करत होते. रोज! पण शिशीत थिजणारं तेल पेटीतही थिजेल, हे एकाही माणसानं मला सांगितलं नाही. घरात मास्तर असून काय उपयोग?

मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. बाजाला जरा ऊब लागते, असं म्हणून पेटी उचलली आणि झाकणासकट, रेकॉर्डींसकट शेकोटीला टेकवून ठेवली.

जैतुबाई म्हणाली, "बाई, ते गाण्याचे तवे लाखेचे होय ना?"

"असतील," मी म्हटलं. "काऊन?"

"काई नाई. आमी लाख इस्तवापाशी ठेवत नाई."

मी चटकन झाकणाकडे पाहिलं. खिशातल्या सातच्या सात रेकॉर्डींचे द्रोण झाले होते. वरण वाढता आलं असतं! त्याच क्षणी आतलं तेल वितळलं, कोंडलेली स्प्रिंग मोकळी सुटली, आणि जी आठवी रेकॉर्ड वर लावलेली होती ती सुईखाली भिंगरीसारखी फिरू लागली. मघाचा रेडा आता डासाच्या आवाजात गात होता. सुई उडून हेडमास्तरांच्या गळपट्ट्यात गेली. ते खाटेवरून जे उठले ते फाटकापर्यंत थांबले नाहीत.

हे नुसते मिशीत हसत होते. त्याचाच मला जास्त राग आला.

सोमवारी हे बाजा घेऊन चांद्याला निघाले. मीही निघाले. शेवटचं पोचवायला तरी माहेरचं माणूस हवं की नको? मोटारभर माझे डोळे गळत होते. दुकानदारानं पेटी उघडली, आत बोट घातलं, बोट हुंगलं आणि हळूच झाकण लावलं.

"मास्तर," तो म्हणाला, "हे मी मोडीतबी घेत नाई."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जुना घेतला नाही म्हणून नवा मिळाला नाही, आणि पूर्ण किंमत देऊन घेण्याइतका मास्तराचा पगार कुठला! मी मात्र पेटी काखोटीला मारून अशी बाहेर पडले, जसा काही खटलाच जिंकला. बापाचा बाजा घरातच राहिला. अजून आहे. कोणी मागत नाही.

आताही कोणी विचारलं, की जुनं दुरुस्त करावं का नवं घ्यावं, तर मी छाती ठोकून सांगते, जुनंच दुरुस्त करा. फक्त माझ्या हातून करून घेऊ नका.