वनिताच्या मशीनचा गेन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही.

वनिता आणि मी केमिकलच्या डिप्लोमाला एकत्र होतो. ती शेलार गावची, मी भिवंडीतली. पुढे कापड रंगवायच्या एकाच डाईंगच्या कारखान्यात लागलो, शेजारशेजारच्या मशीनवर. आमच्यातलीच एक शिफ्ट इन्चार्ज होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमकी तेव्हाच वनिता सारखी मॅनेजर सरांच्या केबिनमध्ये जाऊ लागली. दार लावून. काचेतून मी दिसले की बोलणं थांबायचं. काय बोलत असेल? माझ्याबद्दलच ना? तिने डब्यातली भाकरी पुढे केली तरी वाटायचं — आज एवढी गोड का वागतेय?

एका दुपारी, “जरा बघशील ना गं?” म्हणत ती हात-तोंड धुवायला गेली. मी बघितलं. तापमान जरा चुकलं की वाफेचा व्हॉल्व्ह किती जोराने धावेल, हे कंट्रोलरच्या गेनवर ठरतं. तो मी भरमसाट वाढवला. हे कॉलेजात आम्ही दोघी मिळूनच शिकलो होतो. व्हॉल्व्ह पिसाटल्यासारखा उघडझाप करू लागला, तापमान हेलकावे खाऊ लागलं. ती परतायच्या आत मी आकडा पूर्ववत केला. पण कापड डागाळूनच निघालं.

“मी सेटिंगला हातच लावला न्हाय, सर,” वनिता म्हणाली.

सरांनी मला विचारलं, “तू शेजारीच होतीस. काय पाहिलंस?”

“मशीन मॅन्युअलवर टाकून ती फोनवर बोलत होती.”

तिचा फोन — कसं सांगू — माझ्या एप्रनच्या खिशात होता. माझा दुरुस्तीला होता, म्हणून सकाळी तिनेच दिलेला. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एक शब्द बोलली नाही. का?

तिला काढलं. फोन मी गेटवर परत दिला, तिने घेतला. इन्चार्ज मी झाले.

केबिनमध्ये काय बोलणं व्हायचं, ते मला अजून माहीत नाही. सर आहेत, विचारलं तर सांगतील. मी विचारत नाही — अगदी साधंच काहीतरी निघालं तर?

गेल्या महिन्यात वज्रेश्वरीच्या बसमध्ये चढले तर ती दिसली. शेजारच्या सीटवरची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली, माझ्यासाठी. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — हिला आता काय हवंय?

बस सुटायच्या आत मी उतरले.