उभ्या मिस्त्रींचं दुसरं चाक

बोटींच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘उभे मिस्त्री’ म्हणत. एक तर ते कधी बसत नसत. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, फोनवरचं भांडणसुद्धा उभ्यानं. त्यांची बायको सांगायची की घरात चार खुर्च्या आहेत आणि चारही पाहुण्यांच्या आहेत. दुसरं म्हणजे, काम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी म्हणत, “उभे राहून दाखवा.” आपण कुठे, कसे उभे राहतो हे दाखवल्याशिवाय मिस्त्री हत्याराला हात लावत नसत.

हे सगळं ऐकून माहीत असतानाही एका बोटीच्या मालकीणबाई त्यांच्याकडेच गेल्या. बोटीच्या सुकाणूच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या बंदरात दुसरा कोणी नव्हता. दोनच दिवसांत बाईंच्या नाकी नऊ आले.

काम म्हटलं तर सरळ होतं. बाईंची बोट हौशी मंडळींना गळानं मोठे मासे धरायला समुद्रात न्यायची. चालवायचं चाक पुढे केबिनमध्ये, आणि मासा लागायचा मागे. मोठा मासा ओढायला लागला की दोर तुटू नये म्हणून बोट उलटी, माशाच्या दिशेनं मागे न्यावी लागते. पूर्वी हे सगळं बाईंचे यजमान करत. त्यांचे गुडघे गेले, आणि तीन वर्षांपूर्वी बोट लेकीच्या हाती आली. पुढच्या चाकाशी उभं राहिलं की मागचं निम्मं दिसत नाही. म्हणून ती चाक सोडून मागे धावायची, मासा कुठे आहे ते बघायची, पुन्हा पुढे धावायची. गेल्या मोसमात अशीच धावताना ओल्या फळीवरून तिचा पाय घसरला. खांदा निखळला आणि ती कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळत राहिली. एका गिऱ्हाइकानं कमरेच्या पट्ट्याला धरून आत ओढलं म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. मागे दुसरं चाक बसल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलणार नाही, असं त्यांनी लेकीला बजावलं. लेक बरं म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी मोसमातली पहिली फेरी ठरवून मोकळी झाली. मिस्त्रींच्या हातात दहा दिवस उरले.

त्यातल्या पहिल्या तीन दिवसांत मिस्त्रींनी एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. कारखान्याच्या अंगणात खडूनं बोटीचा मागचा भाग काढला, अगदी मापात. लेकीच्या हातात बादलीचं झाकण दिलं आणि तिला त्या रेघांच्या आत उभं केलं.

“मासा डावीकडे गेला,” मिस्त्री म्हणाले.

लेकीनं झाकण फिरवलं.

“आता बोटीखाली शिरतोय.”

“काका, अंगणाखाली कसा शिरेल?”

“शिरतो. तू फिरव.”

बाई एका उलट्या डब्यावर बसून हे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. “मिस्त्री, हा भातुकलीचा खेळ किती दिवस चालायचा?”

“वहिनी, भोक पाडायला पाच मिनिटं लागतात. बुजवायला जन्म जातो.”

“तो जन्म आमच्याच बोटीवर काढायचं ठरवलंयत का?”

मिस्त्री हसले नाहीत. खडू खिशात टाकून म्हणाले, “पूर्वी मीपण पटपट करायचो. एक मालक म्हणाला, चाक इथं लावा. लावलं. तो होता बुटका. चाकाशी उभं राहिलं की गिअरच्या दांड्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. धक्क्याला लागताना बोट थांबेना. मधे एक माणूस होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला.” मग लेकीकडे वळून, “हं पोरी, मासा पुन्हा डावीकडे.”

मनातल्या मनात बाईंचा चडफडाट मात्र चालूच होता. दुसऱ्याच्या पायाचं प्रायश्चित्त हा माणूस आमच्या दहा दिवसांतून वसूल करतोय, असं त्यांनी घरी जाऊन यजमानांना ऐकवलं. यजमान गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, “करतोय ना नीट? करू दे.” घरबसल्या शहाणपण सांगायला काय जातं, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

चौथ्या दिवशी मिस्त्रींचं समाधान झालं. लेक तोंड मागे, पाठ केबिनला टेकवून, हात कमरेशी मागे घेऊन उभी राहते, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. तिच्या उजव्या-डाव्या हाताचं मापसुद्धा घेतलं. मग केबिनच्या मागच्या भिंतीला, तिच्या कमरेच्या उंचीवर चाक बसलं. शेजारी गिअरचा दांडा. पुढच्या चाकापासून तेलाच्या दोन नळ्या मागे आल्या. माशाकडे तोंड करून लेक जिकडे चाक वळवेल तिकडेच बोटीची शेपटी जावी, म्हणून मिस्त्रींनी त्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. मग नळ्यांमधले हवेचे बुडबुडे काढण्यात दोन दिवस गेले. एक बुडबुडा राहिला तरी चाक गुळगुळीत फिरतं आणि सुकाणू जागचं हलत नाही, हे मिस्त्रींनी बाईंना सहा वेळा सांगितलं. सहाव्या वेळी बाई म्हणाल्या, “माझ्या डोक्यातल्या बुडबुड्यांचं काही करता का?”

रविवारी दुपारी बंदरातल्या शांत पाण्यात चाचणी घ्यायची ठरली. सोमवारी पहाटे गिऱ्हाइकं येणार होती. मासा कोण होणार हा प्रश्न आला तेव्हा मिस्त्री स्वतःच छोट्या होडीत उतरले. होडीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक बोटीच्या मागच्या गळाच्या काठीला. एकसष्ट वर्षांचा माणूस वल्ही मारत मासा झाला.

सुरुवात झकास झाली. मिस्त्री डावीकडे गेले, बोटीची शेपटी डावीकडे आली. मिस्त्री उजवीकडे, शेपटी उजवीकडे. धक्क्यावर उभ्या बाईंचा श्वास जरा मोकळा झाला. मग मिस्त्रींनी दात-ओठ खात जोरात वल्ही मारली आणि एकदम बोटीच्या कडेला घुसले. दोर कठड्याला घासू लागला. तो बघायला लेक कडेला गेली, कठड्याला कंबर टेकवून वाकली आणि चाकाकडे हात मागे टाकला. हात हवेतच राहिला. चाक चार हात लांब होतं. दांडाही तिथेच. बोट उलटी येतच राहिली, होडीच्या दिशेनं.

“दांडा ओढ,” बाई ओरडल्या.

लेक झेपावली. बोट थांबली तेव्हा तिच्यात आणि होडीत वीतभर पाणी होतं. मिस्त्री ओलेकच्च होऊन होडीत उभे होते. अर्थात.

धक्क्यावर आल्यावर लेकच आधी बोलली. “एवढं काही झालं नाही. सवय होईल मला. उद्या निघतेच मी.”

मिस्त्री अंगातला शर्ट पिळत तिच्याकडे टक लावून बघत होते. “झाकण धरून तू अशी नव्हतीस उभी.”

“काका, झाकण धरून कोण मनापासून उभं राहतं? तुम्ही म्हणालात दाखव, मी दाखवलं. फोटोला उभं राहतो ना, तसं.”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाईंच्या तोंडून निघून गेलं, “ती तशी कधीच उभी राहत नाही. मासा लागला की कडेच्या कोपऱ्यात जाते. डावी कंबर कठड्याला, उजवा पाय खालच्या पट्टीवर. तिचा बाप असाच रेलायचा. तीस वर्षं बघतेय मी धक्क्यावरून.”

मिस्त्रींनी पिळलेला शर्ट खांद्यावर टाकला.

“वहिनी,” मिस्त्री म्हणाले, “दहा दिवस डब्यावर बसून होतात. बोलला का नाहीत?”

“तुम्ही मला कुठे उभं केलंत?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग म्हणाले, “चाक आणि दांडा त्या कोपऱ्यात हवेत. कठड्याच्या आतून, डाव्या हाताखाली. हे काढावं लागेल, नळ्या लांबवाव्या लागतील, पुन्हा हवा काढावी लागेल. तीन दिवस.”

“तीन दिवस कोणाकडे आहेत,” लेक म्हणाली. “आई, सांग ना त्यांना. तूच घाई करत होतीस ना रोज?”

करत होत्या. दहा दिवस त्यांनी त्या माणसाला टोमणे मारले होते, आणि आता कुठे बोट निघायची वेळ आली होती. केबिनच्या नव्या रंगवलेल्या भिंतीला पाच भोकं पडलेली त्यांना दिसत होती. लेकीचा चढलेला आवाज ऐकू येत होता. आणि चाकाकडे मागे गेलेला तिचा तो रिकामा हातही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

“काढा,” बाई म्हणाल्या.

“आई, लोक पहाटे पाचला येणारेत.”

“त्यांना फोन मी करते. आणि तू खांदा हलवू नकोस, पुन्हा निखळून घेशील.”

लेक पाय आपटत निघून गेली. तीन दिवस ती आईशी कामापुरतं बोलली, मिस्त्रींशी तेवढंही नाही. गिऱ्हाइकांतल्या दोघांनी दुसरी बोट धरली. उरलेल्या दोघांना बाईंनी गोड बोलून गुरुवारवर आणलं, आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. नवं चाक बसवताना मिस्त्रींनी या वेळी लेकीला उभं राहायला सांगितलं नाही. तिला फक्त बोट धुवायला सांगितली, आणि ती धुता धुता कुठे टेकते, हात कुठे जातो, हे दुरून बघत बसले. म्हणजे उभे राहिले.

गुरुवारी बोट गेली. बाई दिवसभर घर आणि धक्का अशा खेपा घालत होत्या. चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं. संध्याकाळी बोट परत आली तेव्हा लेकीच्या तोंडावर मीठ वाळलेलं होतं आणि गिऱ्हाइकं एका माणसाएवढ्या माशाभोवती फोटो काढत होती.

बाईंनी माशाकडे पाहिलंही नाही. “धावलीस?”

“कुठे धावू? जागचा पाय उचलायला वेळ मिळाला नाही. पाऊण तास तिथेच.” मग ती मिस्त्रींकडे वळली. रविवारनंतर पहिल्यांदाच. “काका, दांडा दोन बोटं पुढे हवा होता. मनगट दुखलं माझं.”

मिस्त्री खिशातून टेप काढत बोटीवर चढले. “दोन कशी? दीड असेल. दाखव कुठे दुखलं.”

“उद्या,” बाई म्हणाल्या. “आज तिला आधी काहीतरी खाऊ द्या.” पण तोवर ते दोघं कोपऱ्यात वाकून दीड की दोन यावर भांडायला लागले होते.