जिभेला चिकटणारी माती

आमच्या पामतेलाच्या कारखान्यातलं तेलकट सांडपाणी माती घालून स्वच्छ करणं, हे माझं काम. माती मोहोळकडच्या एका खाणीतून टेम्पोनं यायची आणि टेम्पोत ती खणणारी एक बाई असायची. नाव मी कधी विचारलं नाही. उतरली की ती ढेकूळ फोडायची, पदराला पुसून जिभेला लावायची. चिकटलं की म्हणायची, "घ्या, चांगली हाय." माझ्या लॅबचा निकाल दोन दिवसांनी तोच यायचा.

मग ती शहरात, भवानी पेठेत लेकीकडं जायची. त्यामुळे परतीच्या टेम्पोत काय भरतात, हे तिनं कधी पाहिलं नाही.

गेल्या खेपेला मी तिला स्वच्छ झालेलं पाणी दाखवलं.

"लई झ्याक! आन् घाण कुटं गेली?"

"मातीत."

"मग ती माती कुटं टाकता?"

"लावतो विल्हेवाट," मी म्हणालो. परतीच्या टेम्पोच्या परवानगीवर सही माझीच होती.

आज तिनं नेहमीसारखं ढेकूळ तोंडाजवळ नेलं आणि मी ओरडलो, "मावशी, नको!"

तिचा हात तसाच थांबला. ढेकळाकडं बघत ती म्हणाली, "म्हंजी आमच्याच खाणीत टाकताय व्हय?"