एका डोळ्याची मूर्ती

बाळांनो, तुमच्यातल्या धाकटीला अर्धशिशी सुरू झाल्याचं परवा फोनवर कळलं. ती माझ्याकडूनच गेली असणार. म्हणून गेल्या श्रावणातली एक दुपार सांगून ठेवते.

मी रोह्याशेजारी वरशाला राहते, पण गणपतीआधीचे काही दिवस पेणला, माझ्या नणंदेच्या मूर्तींच्या कारखान्यात जातात. माझं काम एकच, डोळ्यांची आखणी. तिथली रीत अशी की एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने आखायचे. हात बदलला तर देवाची नजर फाटते, असं माझे सासरे म्हणत.

त्या दिवशी सकाळपासून मला जांभया येत होत्या. उकाडा असूनही बोटं गार होती. या खुणा रोह्याच्या डॉक्टरांनी मला समजावल्या होत्या. छातीचे ठोके, पोट, घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या, हा सारा कारभार एक स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता सांभाळते. अर्धशिशी येताना तिचीही घडी विस्कटते. डोक्याआधी पोटाला आणि बोटांना बातमी लागते ती अशी.

बातमी लागली होती, पण मी उठले नाही. दुपारी कासूचं एक कुटुंब टेम्पो घेऊन येणार होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आजींना दरवर्षी मीच आखलेले डोळे लागत. "तुमचा गणपती मला वळखतो," असं त्या म्हणत.

त्यांच्या मूर्तीचा डावा डोळा झाला. उजव्यासाठी कुंचला उचलला आणि हवेत एक चकाकती रेघ उमटली, करवतीच्या दातांसारखी. ती हळूहळू पसरली आणि तिच्यामागे सोंडेचा एक तुकडा नाहीसा झाला. मग कानही. भीती वाटण्याऐवजी मी बघतच राहिले, पाण्याखालून बघावं तशी.

"वहिनी गो, जांभया किती देताय!" नणंद म्हणाली. "दृष्ट लागली तुमाला."

"दृष्ट नाही गं, डोकं उठणार आहे."

"मग डोकं कशानं उठतं? सगळी टक लावून बघतात तुमच्या हाताकडं."

नको नको म्हणेपर्यंत तिने मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. डोकं उठताना मला साध्या फोडणीचा वासही सोसत नाही.

"ठसका नाय लागला कुणाला! व्हती ना दृष्ट?"

मी मोरीकडे धावले आणि सगळं ओकून टाकलं.

"निघाली बघा!" ती मागून आनंदाने ओरडली.

तिने मला आतल्या खोलीत, न रंगवलेल्या मूर्तींमध्ये चटईवर निजवलं. डोक्याची उजवी बाजू आता ठोके देत होती. अंधारात ते पांढरे गणपती श्वास घेत आहेत असं वाटे. की माझाच श्वास त्यांच्यातून फिरून येत होता? पोट थांबलेलं, अंगावर घाम, पायांत हीव. जणू माझ्या देहाच्या घरात कुणी भलतंच माणूस दिवे लावत-विझवत हिंडत होतं.

नणंद दाराशी येऊन हलकेच म्हणाली, "वहिनी, कासूहून टेम्पो निघालाय त्यांचा. एक डोळा हाय फक्त. काय करू?"

थोडं थांबवता येईल का, असं विचारणार होते. मग कासूच्या आजी अंगणात ताटकळलेल्या नजरेसमोर आल्या.

"माझा डोळा पांढऱ्याने झाक," मी म्हणाले. "दोन्ही तू आख."

"आन् म्हातारीला काय सांगू?"

"खरं ते सांग."

तिच्या चपला दूर गेल्या. मी कुठेतरी तरंगत राहिले. बऱ्याच वेळाने टेम्पोचा आवाज आला, माणसं बोलत मूर्तीपर्यंत आली. आजी मूर्तीसमोर उभ्या असणार. मी कान देऊन ऐकत होते.

"हा मला वळखत नाय गो," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दीड दिवस घरात हाय, वळख व्हईल. त्या बाईला निजू द्या तुम्ही."

टेम्पो निघून गेला. पुरी झालेली ती मूर्ती मी पाहिलीच नाही. मला झोप लागली.