नलिनीबाईंची तपासणी

आमच्या सौंसरच्या नलिनीबाई जुन्या मास्तरीण. तपासल्याशिवाय त्या वांगंही घेत नाहीत. नजर कमी झाली, तेव्हा पुस्तकं ऐकायला त्यांना स्वस्तातला प्लेअर हवा होता. पंकजच्या दुकानातल्या एका प्लेअरमध्ये त्यांनी पुस्तकं भरलेलं आपलं मेमरी कार्ड घातलं, खुनाची कादंबरी तासभर ऐकली अन् बंद केली.

"कुठवर ऐकलं ते हा याद ठेवते का, उद्या पाहीन."

प्लेअरनं बरोब्बर याद ठेवलं. मग बाई रोज येऊन बॅटरी तपासू लागल्या. खुनी सापडायच्या दिवशी तर पंकजनं पंखा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाच दटावलं, "चूप बसा ना भाऊ!"

कादंबरी संपली. बाईंनी कार्ड काढलं. "आवाज घोगरा आहे रे. नाही घेत."

"नका घेऊ, बाई. पण उद्या दुसरी कादंबरी लावून तपासा ना!"