दहा एप्रिलचं परमिट

माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची नाही. बायको दर शनिवारी आणते, मी दर शनिवारी काढून टाकतो, आणि त्यावरून दर शनिवारी आमचं वाजतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, हा माणूस मुळातच तसल्या डोक्याचा दिसतो. भूत, भानामती, अंगात येणं... मी या सगळ्याला हसणारा. अजूनही हसतो. पण यंदाच्या एप्रिलमध्ये जे झालं त्यावर हसता येत नाही. भीतीही वाटत नाही खरं म्हणजे. लाज वाटते.

गाव मालेगाव, जिल्हा वाशीम. नाशिककडचं मालेगाव नव्हे हो, प्रत्येकाला सांगावं लागतं! बस स्टँडवरून वाशीम रोडला लागलं की डाव्या हाताला टायरवाला, मग कृषी केंद्र, आणि दोघांच्या मधे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट, पोरांची स्कॉलरशिप — अठरा वर्षं हाच धंदा. गावात म्हणतात, गजाननच्या हातचा फॉर्म वापस येत नाही. म्हणजे आधी मी म्हणतो, मग गाव म्हणतं.

काळबांडे सर (नाव बदललं आहे) मला आठवी ते दहावी भूगोल शिकवायला होते. फळ्यावर रंगीत खडूंनी ते दरी काढायचे. तांबडा थर, पिवळा थर, पुन्हा तांबडा, आणि पार तळाशी निळ्या खडूची एक बारीक नदी. मग हात झटकून म्हणायचे, "लाखो वर्षं ही नदी एकच काम करून राह्यली, अन् तुमाले पाच मिनिटं एका जागी बसनं होत नाही!" मला तर त्यांचा स्पेशल डोस असायचा. मी प्रश्न अर्धा वाचूनच उत्तर लिहीत सुटायचो. "गज्या, आधी प्रश्न पुरा वाच. मंग पेन उचल." तीन वर्षं ऐकलं, शिकलो नाही.

सरांनी बत्तीस वर्षं ती दरी शिकवली, पाहिली कधीच नाही. रिटायर झाल्यावर मुलगी स्वाती अमेरिकेत गेली, आणि निघालं असं की तिच्या घरापासून गाडीने सहा तासांवर वाळवंटात तसल्याच लाल दरीचं एक पार्क आहे. आत पायवाटा आहेत. त्यातली एक कड्याच्या धारेवरून जाते, दोन्ही बाजूंना खोल दरी, धरायला फक्त लोखंडी साखळी. सरांनी तो फोटो पाहिला आणि ठरवलं, हीच वाट चालायची. वय सदुसष्ट. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, डोक्याला हात लावला. अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि सांगितलं, "जायचं तर यंदा जा. पुढच्या वर्षीचं मी लिहून देत नाही."

मग काय, सरांची तयारी सुरू! आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या एसटीने मेडशीला उतरायचे आणि घाटातल्या नाल्यानाल्याने चालायचे. पाठीवर बॅग, बॅगेत आठ किलो तूर. वजनाची सवय व्हावी म्हणून. खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. एसटीतले लोक विचारायचे, "काहून सर, तूर विकाले चालले का?" सर म्हणायचे, "हाव, अमेरिकेत भाव चांगला आहे म्हणते!"

बाकी सगळं प्लॅनिंग माझ्या दुकानात. नकाशांच्या प्रिंटा काढायच्या, कुठल्या वळणावर सावली आहे ते स्केचपेनने रंगवायचं, पाणी किती न्यायचं याचा हिशोब मांडायचा. गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं आणि आम्ही दोघं दरीत.

त्या साखळीच्या वाटेला परमिट लागतं. जानेवारीत अर्ज करायचा, लॉटरीत नंबर लागला तर जायचं. स्वाती फोनवर म्हणाली, "दादा, मी भरते इथून." पण मीच मधे तोंड घातलं. "राहू दे ताई, मी भरतो." अमेरिकेचा फॉर्म माझ्या हातून जाणार... चार लोकांना सांगायला होईल, एवढाच माझा उत्साह. तारीख ठरली चार ऑक्टोबर. ऊन उतरलेलं असतं आणि स्वातीला सुट्टी मिळत होती. माणसं दोन, सर आणि स्वाती. ई-मेलच्या रकान्यात मी माझाच पत्ता टाकला. गावातल्या निम्म्या लोकांच्या फॉर्मवर माझाच ई-मेल असतो, आमच्या धंद्यात हे चालतंच. तारखेच्या रकान्यात टाकलं — शून्य चार, मग दहा. सबमिट.

फेब्रुवारीत मेल आला. अभिनंदन, तुमचा नंबर लागला! मी खुर्चीतून उठलोच. सरांना फोन लावायला मोबाइल हातात घेतला, आणि तारीख वाचली. दहा एप्रिल.

अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. रकान्याखाली फिक्या अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं, मी नंतर जाऊन पाहिलं. वाचलंच नव्हतं. चार ऑक्टोबरचा मी दहा एप्रिल करून ठेवला होता, आणि ते परमिट बदलून मिळत नव्हतं.

आता हे नीट ऐका, कारण माझा गुन्हा इथं आहे. चूक हा गुन्हा नाही, चूक कुणाकडूनही होते. दहा एप्रिलला अजून पावणेदोन महिने होते. सरांचा व्हिसा तयार होता. मी त्याच मिनिटाला सांगितलं असतं, "सर, माती खाल्ली मी, पण परमिट आहे, एप्रिलला जा," तर ते हसत हसत गेले असते. एवढंच सांगायचं होतं. आणि मला ते "गज्या, प्रश्न पुरा वाचला नाही ना?" ऐकायचं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या मी, दोन लेकरांचा बाप! संध्याकाळी सर आले, तेव्हा मी कॉम्प्युटरकडे बघत म्हणालो, "सर, नंबर नाही लागला यंदा."

सरांनी टेबलावरचा नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "लॉटरीच ते. पुढल्या वर्षी पुन्हा भरू." पुढच्या वर्षीचं डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

तिकीट काढायचं राहिलं. पण मेडशीचं चालणं त्यांनी थांबवलं नाही. त्या अमेरिकेच्या मेलांचा एक वेगळा फोल्डर मी केला होता, तो मी उघडायचा बंद केला.

दहा एप्रिल उजाडला. मला तारीख पाठ होती, त्यामुळे दिवसभर माझं डोकं फिरलेलं. दोन गिऱ्हाइकांशी भांडलो. सर त्या दिवशी कुठं होते ते मला नंतर काकूंकडून कळलं. सकाळी मेडशीला चालून आले, दुपारी जेवले, अंगात कणकण आहे म्हणाले आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास आडवे झाले. ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले. रात्री काकूंनी जेवायला हलवून पाहिलं, पण जागच येईना. श्वास व्यवस्थित चालू, अंग मात्र तव्यासारखं तापलेलं. ऊन लागलं असं समजून त्यांनी तळपायांना कांद्याचा रस चोळला.

अकरा तारखेला सकाळी दहा वाजता सर दुकानात आले. पायात ते चालायचे बूट. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, पण डोळे सहलीहून आलेल्या शाळकरी पोरासारखे.

"काल जाऊन आलो रे," ते म्हणाले.

"मेडशीले?"

"नाई. तठी."

मला वाटलं, मस्करी करतायत. सर बसले आणि सांगायला लागले. सकाळची वेळ होती, चांगलीच थंडी वाजत होती, स्वेटर न्यायला हवा होता. साखळी हाताला बर्फासारखी गार लागत होती. आपल्या नकाशात जिथं सावली दाखवली आहे तिथं नाहीच, ती पुढच्या वळणावर आहे. खालची नदी निळी नाही. "बत्तीस वर्षं मी पोराईले निळी दाखवली, गज्या. मातकट आहे ते, आपल्या काटेपूर्णेसारखी." वाटेच्या तोंडाशी एक टोपीवाली बाई होती. तिनं खिसा फुगलेला पाहून विचारलं, हे काय? सरांनी कांदा काढून दाखवला, तर ती खो खो हसली.

मी म्हणालो, "सपन पडलं तुमाले सर."

"सपनच असन," सर म्हणाले. "मी कुठी नाई म्हणतो? पण एक गोष्ट समजून नाही राह्यली. त्या बाईनं यादी पाह्यली. यादीत माहं नाव होतं. आजचीच तारीख आहे म्हणे तुमची, दोघांचं परमिट आहे, दुसरं कोन?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या पोराकडे पाहावं तसं. "तू तं म्हनला होता नंबर नाही लागला?"

देवाशपथ सांगतो, त्या तारखेबद्दल जगात फक्त मला माहीत होतं. बायकोला नाही, स्वातीला नाही, कुणालाच नाही.

आणि तरीही मी काय बोललो? "ऊन लागलं सर तुमाले. दोन दिवस घरी बसा, ताक प्या."

सर "हाव, असन" म्हणाले आणि उठले. उंबऱ्यावर त्यांनी बूट आपटले. पांढऱ्या फरशीवर माती सांडली. आमची माती काळी. घाटातला मुरूम तांबूस असतो, पण खड्यांचा. हे बारीक रव्यासारखं होतं, शेंदराच्या रंगाचं. मी ते बघत उभा राहिलो. सर कोपऱ्यावरून वळले तसा झाडू घेतला आणि सगळं झाडून रस्त्यावर लोटलं. पुरावा विचाराल तर तो असा गेला, माझ्याच हातानं.

त्यानंतर सर रोज दुकानात यायला लागले. आधी आठवड्यातून दोनदा यायचे, आता रोज. काही काम नसायचं. समोरच्या स्टुलावर बसायचे, पेपर चाळायचे, माझ्याबरोबर अर्धा कप चहा घ्यायचे. मधेच विचारायचे, "मंग, काय म्हणतं गज्या? काही नवीन?" मी म्हणायचो, "काही नाही सर, चालू आहे." अर्ध्या-पाऊण तासानं जायचे. मला वाटायचं, म्हातारपणी वेळ जात नसेल.

मेच्या शेवटी सर गेले. सकाळी अंघोळ करून बाहेर आले, खुर्चीत बसले, संपलं. स्वाती आली. तेरवीच्या दिवशी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, दहा एप्रिलला तू त्या पार्कात गेली होती का? ती म्हणाली, "नाही हो, ऑफिसात होते. आणि परमिट कुठं मिळालं होतं?"

तेरवीचं जेवण सोडून मी दुकानात गेलो. शटर अर्धं उघडलं आणि तो फोल्डर उघडला. अकरा एप्रिलचा एक मेल न वाचलेला पडला होता. आमच्या पार्कला भेट दिल्याबद्दल आभार. असले मेल आपोआप जातात, मला माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. म्हणून लॉगिन करून परमिटच पाहिलं. वापरलं गेलं होतं. दहा एप्रिल, तिथले सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. दोघांपैकी हजर — एक.

तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. मी तीन वेळा बोटांवर मोजलं.

कुणी म्हणेल सिस्टिमची गडबड, दुसऱ्याच कुणाचं परमिट स्कॅन झालं असेल. असेलही. मग माझ्या दुकानातली माती? मग सरांना तारीख कुणी सांगितली? याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

पण मला रात्रंदिवस खातंय ते वेगळंच आहे. चार दिवसांनी मी सरांच्या घरी गेलो आणि काकूंसमोर सगळं ओकलो. फॉर्म, तारीख, खोटं बोलणं, दोन्ही वेळचं. मला वाटलं, काकू शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

काकू गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याईले मालूम होतं बापू."

"काय मालूम होतं?"

"तुह्याकडून चुकलं म्हणून. त्या सपनाच्या दिवशीच दुकानातून येऊन म्हनले मले. पोराले लाज वाटून राह्यली म्हने, म्या जास्त विचारलं नाही."

काकूंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मंग रोज कायले येत होते तुह्याकडे? पाय सुजले होते त्याईचे, चालनं होत नव्हतं. म्या म्हनो, उन्हाचं नका जाऊ. तं म्हनत, जाऊन बसतो जराशीक, आज सांगन तो."