भोंग्याचा कांदा

२०२३ सालचा वैशाख. खालापूरकडच्या आमच्या आळीत तीन बंगले, तीन राखणदार आणि तीन कुत्रे. मालक मुंबईला. संध्याकाळी आम्ही तिघे माझ्या गेटाबाहेरच्या बाकावर बसतो आणि कुत्र्यांचे किस्से निघतात. एक सांगितला की दुसरा शेपूट हलवत येतो, हाकलला तरी जात नाही. मी फार शिकलेलो नाही. झालं तेवढंच सांगतो.

*

माझा भोंग्या उन्हाने धापा टाकत होता. ऊन लागलं की कांदा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी स्वतः वैशाखात खिशात कांदा ठेवून फिरतो. माणसाला चालतो, मग कुत्र्याला का नाही? रोज दोन-तीन कांदे ठेचले, गूळ कालवला आणि वाटीने त्याच्या घशात ओतलं. चार दिवस.

शेजारच्या बंगल्यावरचा हसन कुंपणावरून रोज बघायचा. बोलला नाही. मला कोणी शिकवलेलं चालत नाही, हे त्याला माहीत.

पाचव्या दिवशी भोंग्या उभा राहीना. हिरड्या पांढऱ्या, लघवी काळ्या चहासारखी. हसनने न विचारता टेंपो काढला.

*

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबून पाहिली. "याने कांदा खाल्ला का?"

हसनकडे बोट करत माझ्या तोंडून निघून गेलं, "याच्याकडं भजी केली होती. तिथंच खाल्ला आसंल."

हसनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आसंल."

बाई म्हणाल्या, "कांद्याने कुत्र्याचं रक्त आतल्या आत फुटतं. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही असो. लसूणही तसाच. याला रक्त द्यावं लागेल."

मी बाही वर केली. "घ्या."

"आजोबा, कुत्र्याचं लागतं!"

हसन टेंपो घेऊन गेला आणि आपली राणी घेऊन आला. दांडगी कुत्री, वासराएवढी. तपासलं, जुळलं. भोंग्या वाचला.

येताना मी म्हणालो, "तुझं देणं लागतो रं."

"पैसे नकोत, आबा."

"मग काय पायजे?"

"तुमाला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. पण मी चुकलो, असं मी बायकोलाही कधी म्हटलेलं नाही.

*

माझ्या मालकीणबाईंचा फोन आला. त्यांनाही मी भज्यांचंच सांगितलं. "आबा, आजपासून भोंग्याला कांदा-लसूण अजिबात नाही. जैन जेवण द्यायचं. चिकन चालेल."

मी बाकावर सांगितलं. आमचा तिसरा गडी बबन. तो म्हणाला, "चिकन चालतंय? हा कुठला जैन?"

फोन ठेवताना बाई हेही म्हणाल्या होत्या, "त्या हसनला सांगा, भजी दार लावून खात जा." ते मी सांगितलं नाही.

*

बबनचं डोकं वेगळंच. त्याने आपल्या कुत्र्यासाठी चिकनच्या रश्श्यातला कांदा एकेक फोड वेचून काढला. अर्धा तास! वर डॉक्टरीणबाईंना फोन केला. "कांदा काढलाय बाई, आता रस्सा घालू?"

"आणि कांद्याचा अर्क कुठे गेला?"

बबनने टोपात वाकून पाहिलं. "दिसत नाय, बाई!"

रस्सा आम्ही तिघांनी संपवला.

*

भोंग्या बरा झाला, पण शहाणाही झाला. माझ्या खिशात कांदा असला की चार हात लांब बसायचा. एकदा मालकीणबाई आल्या तेव्हा बघत होत्या. "तुमच्याजवळ का येत नाही हो?"

"नवा शर्ट हाय," मी म्हणालो.

शर्ट आठ वर्षांचा. कुंपणापलीकडे हसन खोकला.

*

पौषात वालाच्या शेंगा भरल्या आणि आम्ही पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, चिकन, कांदे. तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. दरवर्षी चिकन आम्ही खायचो आणि चरबीत भिजलेले कांदे कुत्र्यांना टाकायचो. ते मात्र त्या वर्षी बंद.

मालकीणबाई पाहुणे घेऊन आल्या होत्या. राणी आणि भोंग्या शेजारी शेजारी बसले होते. बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "हाच तो हसन. याच्या भज्यांनी आमचा भोंग्या मरायला टेकला होता. हसन, आज तरी कांद्याकडे लक्ष ठेव रे!"

सगळे हसले. हसनही हसला, खाली मान घालून, जाळात काटक्या सारत.

मडकं उघडायचा मान माझा असतो. मी हातातली काठी खाली ठेवली.

"बाई, याच्याकडं भजी नव्हती. कांदा मी पाजला. ठेचून, गूळ घालून, चार दिवस. आन् नाव याचं घेतलं. माझं चुकलं."

बबनने दाताखाली धरलेली शेंग तशीच राहिली.

हसन उठला. मडकं त्यानेच काढलं, पाला दूर केला. मग आतला एकेक कांदा वेचून माझ्या पत्रावळीवर ठेवला. सगळे. चौदा होते.

"आबा, आता हे तुमी खायचे."

खाल्ले.